चीनमध्ये नोकरीसाठी जायचंय: कागदपत्रं, पगार, घर, खाणंपिणं (अनुभवी लोकांनी सांगा)

फाऊंड्रीवाला (१२ जानेवारी)

नमस्कार मंडळी. चाकणला एका जर्मन कंपनीत क्वालिटीला आहे, अकरा वर्षं झाली. कंपनीचा दुसरा कारखाना सुचौजवळ थायत्सांगला आहे. तिथे दोन वर्षांसाठी जा म्हणतायत, मार्चमध्ये रुजू व्हायचंय. बायको आणि सात वर्षांची मुलगी तीन-चार महिन्यांनी येतील. एचआर प्रत्येक प्रश्नाला "सगळं होईल" एवढंच उत्तर देतं, म्हणून जास्त धास्ती वाटतेय.

यूट्यूबवर बघितलं तर चीन म्हणजे एकतर स्वर्ग, नाहीतर तुरुंग. मधलं कुणीतरी सांगा. मी अंडं खातो, बायको तेही खात नाही.

तिरकस (१२ जानेवारी)

आधी शोध घेत चला की राव. या विषयावर २०१२ चा एक धागा आहे.

ह्वांगफूकाठी (१२ जानेवारी)

तो धागा वाचू नका. त्यात "खिशात कायम रोख ठेवा आणि भाव करायला कॅल्क्युलेटर न्या" असं लिहिलंय. मी शांघायला नऊ वर्षं आहे, शेवटची नोट कधी हातात घेतली आठवत नाही. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

ह्वांगफूकाठी (१२ जानेवारी, रात्री)

लिहायला बसले. इतरांचं माहीत नाही, पण माझ्या मते इथली निम्मी डोकेदुखी एकाच गोष्टीतून येते: पासपोर्टवरचं नाव.

इथे बँक, मोबाईल, वीचॅट (निरोप आणि पैसे पाठवायचं इथलं अ‍ॅप), रेल्वे, टॅक्स, सोशल इन्शुरन्स ही सगळी खाती तीन गोष्टींवर एकमेकांना ओळखतात: नाव, पासपोर्ट नंबर आणि मोबाईल नंबर. चिनी माणसाची दोन-तीन अक्षरं असतात, ती सगळीकडे सारखीच लागतात. आपलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव मिळून पंचवीस इंग्रजी अक्षरं. बँकेतली मुलगी आडनाव आधी टाकते, वर्क परमिट काढणारा नंतर टाकतो, तिसरा मधली जागा गाळतो. संगणकाला ती तीन वेगळी माणसं वाटतात. माझा पहिला पगार याच कारणाने परत गेला होता. खात्यावरच्या नावात एक जागा कमी होती. एका जागेसाठी बँकेत चार फेऱ्या.

म्हणून पासपोर्टच्या पानावर सगळ्यात खाली त्या दोन ओळी असतात ना, बाणांच्या खुणांसारख्या? त्यात जसं नाव आहे तसंच, त्याच क्रमाने, मोठ्या अक्षरांत, सगळीकडे. कुणी फॉर्म भरून देत असेल तरी सही करण्याआधी अक्षर न् अक्षर वाचायचं. लाजायचं नाही.

दुसरं, पासपोर्टची मुदत. दोन वर्षांसाठी चाललात आणि पासपोर्ट अडीच वर्षांत संपत असेल तर भारतातूनच नवा करून या. पासपोर्ट नंबर बदलला की वरची प्रत्येक गोष्ट हाताने बदलावी लागते. शिवाय निवासाच्या परवान्यावरची माहिती बदलली की दहा दिवसांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. पुन्हा नवा करतानाच ६० पानांचा घ्या.

फाऊंड्रीवाला (१३ जानेवारी)

ताई, माझ्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे. सगळं नाव एकाच ओळीत. 😐

ह्वांगफूकाठी (१३ जानेवारी)

अरे देवा. मग आजच पासपोर्ट ऑफिसची तारीख घ्या आणि आडनाव वेगळं करून घ्या. कंपनीने तिकडे वर्क परमिटचा अर्ज टाकायच्या आधी. एकदा परमिटचं ते नोटिफिकेशन लेटर जुन्या नावावर, जुन्या नंबरवर निघालं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्राणायाम_नाशिक (१३ जानेवारी)

मी छंतूला सहा वर्षं योग शिकवला, दोन वर्षांपूर्वी परतलो. व्हिसाबद्दल मी सांगतो, कारण मी ते चुकीच्या पद्धतीने करून बसलो होतो.

नोकरीचा व्हिसा एकच: झेड. त्याच्याआधी कंपनीने तुमच्या नावाचं वर्क परमिट नोटिफिकेशन काढायचं. त्यावर झेड मिळतो. उतरल्यावर तीस दिवसांत तो निवासाच्या परवान्यात बदलून घ्यायचा, मध्ये तिकडची वैद्यकीय तपासणी. एम म्हणजे व्यापाराचा, एल म्हणजे फिरायचा, एक्स विद्यार्थ्याचा. "आता एमवर ये, तिथे बदलून देतो" असं जो म्हणेल त्याचा फोन ठेवून द्या. मी ठेवला नव्हता. नाशिकच्याच एका एजंटने पाठवलं आणि ज्या स्टुडिओत शिकवत होतो तिथे आठव्या महिन्यात पोलीस आले. बेकायदा काम केल्याचा दंड पाच हजार ते वीस हजार युआन, प्रकरण गंभीर धरलं तर पाच ते पंधरा दिवस कोठडी. माझं दंडावर निभावलं, पण परत येऊन झेड मिळवायला दीड वर्ष गेलं. आपली कितीतरी मुलं-मुली अजून "इंग्रजी शिकवायची नोकरी" म्हणून याच वाटेने जातात. इंग्रजीच्या शिक्षकासाठी तिकडे मातृभाषा इंग्रजी असलेल्या देशाचा पासपोर्ट मागतात. आपला त्या यादीत नाही. एजंट हे सांगत नाही.

फाऊंड्रीवाले, तुमच्या बाबतीत पदवी आणि दोन वर्षांहून जास्त अनुभव आहे, परमिटच्या ए-बी-सी वर्गांपैकी बी वर्गात आरामात बसाल. फक्त डिग्री सर्टिफिकेट आणि पोलीस क्लिअरन्सचे शिक्के लवकर सुरू करा. डिग्रीला आधी मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग चिनी कॉन्सुलेट. माझ्याबरोबरच्या रशियन मुलीचं नुसत्या अपोस्टिलवर (आंतरराष्ट्रीय मान्यतेचा एकच शिक्का) भागलं, माझ्या कागदावर कॉन्सुलेटचा शिक्का मागितला. यात महिना-दीड महिना धरा.

तिरकस (१३ जानेवारी)

म्हणजे पासपोर्ट बदला, मग डिग्रीवर शिक्के, मग परमिट, मग व्हिसा, आणि मार्चमध्ये रुजू. शुभेच्छा.

फाऊंड्रीवाला (१३ जानेवारी)

एचआरला मेल टाकला. मार्चचा एप्रिल होईल बहुतेक. बायको खूश आहे.

सूतगिरणी (१४ जानेवारी)

रामराम. आमचं इचलकरंजीत कापडाचं हाय, २००९ पासनं वर्षातनं तीन-चार खेपा केछ्याओला. शाओशिंगमधलं कापडाचं मार्केट, लई मोठं. तिथं सकाळी चहाच्या टपरीवर गुजराती, मारवाडी, तमिळ सगळी भेटत्यात. भावा तुझं नोकरीचं हाय, धंद्याचं नाही, तरी दोन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे लाल शिक्का. तिकडं सहीला किंमत नाही, कंपनीच्या गोल लाल शिक्क्याला हाय. करारावर सही झाली, हात मिळाला, जेवण झालं, तरी शिक्का नसंल तर त्यो कागुद म्हंजे रद्दी. तुझ्या नोकरीच्या करारावर बी शिक्का बघूनच घे. आणि करार दोन भाषांत असंल तर भांडणात चिनी मजकूर धरत्यात असं त्यातच लिवलेलं असतंय बहुतेक वेळा. चिनी बाजू दुसऱ्या कुणाकडनं तरी वाचून घे.

दुसरं, कुणाच्या कंपनीच्या कागदावर "नावापुरतं" जबाबदार म्हणून नाव लावू देऊ नगंस. तिकडं कंपनीचं देणं थकलं आणि केस झाली तर कोर्ट त्या माणसाला देश सोडायला बंदी घालू शकतंय. २०१२ च्या सुरवातीला यीवू या बाजारपेठेच्या गावात मालकाच्या उधारीपायी दोघा भारतीयांना व्यापाऱ्यांनी धरून ठेवल्यालं, लई गाजल्यालं. आपल्या वकिलातीनं यीवूत धंदा करू नका म्हणून सूचनाच काढलेली. ती दोघं नोकरदारच होती, मालक पळाल्याला.

आमसुल (१४ जानेवारी)

सूतगिरणी, +१. बापरे, ते आठवतंय.

खाण्याचं मी घेते. आम्ही सुचौला चार वर्षं होतो, मी पूर्ण शाकाहारी.

"रोऊ नको" म्हणून भागत नाही. रोऊ म्हणजे मांस, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात डुकराचं मांस येतं. मग ताटात कोंबडी येते, हॅमचे तुकडे येतात, आणि ती बिचारी मनापासून म्हणते, यात रोऊ नाही. "वो छ्र सू" म्हणायचं, म्हणजे मी व्रतस्थासारखं शाकाहारी खाते. बौद्ध लोकांमुळे "सू" लगेच कळतं. तरीही भाजी डुकराच्या चरबीत परततात आणि ऑयस्टर सॉस घालतात. म्हणून मी फोनवर चिनीत चार ओळी लिहून ठेवल्या होत्या: मांस नाही, मासे-कोळंबी नाही, चरबी नाही, ऑयस्टर सॉस नाही, सूपही मांसाचं नको. त्या दाखवायच्या.

बिनधास्त काय मागवायचं? बटाट्याचा आंबटतिखट कीस (तूदौ स), बटाटा-वांगं-मिरचीचं ती सान श्येन, लसणावर परतलेल्या पालेभाज्या, थंड काकडी. फाऊंड्रीवाल्यांना टोमॅटो-अंडं दोन वर्षं पुरेल. देवळांशेजारी सू-छाय (शाकाहारी) भोजनालयं असतात, तिथे डोळे मिटून जा. तिथल्या "मटणाच्या" रश्श्यात सोयाबीन असतं, बायकोला आधी सांगून ठेवा नाहीतर ती उठून जाईल.

घरी: तांदूळ, मूग, मटार, कोथिंबीर, मिरच्या, नारळ सगळं मिळतं. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, रवा ताओबाओवर (तिकडचं ऑनलाइन दुकान) भारतीय दुकानदार विकतात, महाग पडतं. इथून गोडा मसाला, हिंग, आमसुलं न्या. हापूस नेऊ नका, ताजी फळं विमानतळावर काढून घेतात. माझ्या सासूबाईंनी दोन डझन बॅगेत खालपर्यंत दडवले होते. स्कॅनरने शोधले, सासूबाई तिथेच रडल्या.

तिरकस (१४ जानेवारी)

देवगड की रत्नागिरी?

आमसुल (१४ जानेवारी)

देवगड. म्हणूनच रडल्या.

फाऊंड्रीवाला (१५ जानेवारी)

हे सगळं लिहून घेतोय. आईचा प्रश्न: तिकडे गेल्यावर तिच्याशी बोलायचं कसं? व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही म्हणे.

ह्वांगफूकाठी (१५ जानेवारी)

हा खास आपला पेच आहे. व्हॉट्सअ‍ॅप चीनने बंद केलंय. वीचॅट भारताने बंद केलंय, २९ जून २०२० च्या त्या ५९ अ‍ॅपमध्ये. म्हणजे आई इकडे, तुम्ही तिकडे आणि मध्ये दोन सरकारं.

मार्ग असे: भारतीय सिम चालू ठेवा (बँकेच्या ओटीपीसाठी तसंही लागेलच) आणि रोमिंगचा डेटा पॅक घ्या. परदेशी सिमच्या रोमिंगवर व्हॉट्सअ‍ॅप, गूगल चालतं, कारण ते इंटरनेट तुमच्या मूळ देशातून फिरून येतं. पहिले दोन आठवडे हेच वापरा. माझं आईशी रविवारी टीम्सवर चालतं. ऑफिसच्या मीटिंगला बसल्यासारखी ती साडी बदलून बसते.

कोडीबाज (१५ जानेवारी)

एवढं कशाला, व्हीपीएन टाका आणि विसरा.

प्राणायाम_नाशिक (१५ जानेवारी)

बरेच लोक वापरतात हे खरं. पण परवाना नसलेला व्हीपीएन तिथे कायद्यात बसत नाही. दंड झालेले लोक आहेत. शिवाय नेमकं लागतं तेव्हाच ते बंद पडतं, कम्युनिस्ट पक्षाचं मोठं अधिवेशन असलं की हमखास. कंपनीची स्वतःची अधिकृत आंतरराष्ट्रीय लाईन आहे का ते आयटीला विचारा. जर्मन कंपनीत बहुधा असते.

कोडीबाज (१५ जानेवारी)

मी दोन वर्षं वापरला, काही झालं नाही.

तिरकस (१५ जानेवारी)

हेल्मेटबद्दलही पुण्यात सगळे हेच म्हणतात.

ह्वांगफूकाठी (१६ जानेवारी)

भांडू नका. पुढे पैशांचं.

उतरल्यावर क्रम असा ठेवा. पहिल्याच दिवशी पोलिसांत राहण्याची नोंद. हॉटेलात असाल तर हॉटेल करतं, पण भाड्याच्या किंवा मित्राच्या घरी गेलात की २४ तासांच्या आत तुम्ही स्वतः. ठाण्याला पायछूस्वो म्हणतात. त्यांनी दिलेला कागद फोटो काढून जपा, पुढे दहा ठिकाणी मागतात. निवासाचा नवा परवाना चिकटला की नोंद परत करायची. मग पासपोर्ट दाखवून चिनी सिम. मग अलीपे (फोनवरून पैसे द्यायचं अ‍ॅप) आणि वीचॅट. दोन्हींना आता आपलं परदेशी क्रेडिट कार्ड जोडता येतं. दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीला जादा शुल्क नाही, त्याच्या वर तीन टक्के. वीचॅटचं नवं खातं उघडताना एखाद्या जुन्या वापरकर्त्याने स्कॅन करून तुमची खात्री द्यावी लागते, विमानतळावर न्यायला येणाऱ्या सहकाऱ्याला तिथेच पकडा. बँक खातं सगळ्यात शेवटी, आणि त्याला चिनी मोबाईल नंबर द्या, भारतीय नाही.

घरासाठी "या यी फू सान" हा शब्द कानावर येईल: एका महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम. म्हणजे पहिला पगार व्हायच्या आधीच चार महिन्यांचे पैसे आणि वर दलाली. ही उचल कंपनीकडून आत्ताच लिहून घ्या.

पगार ठरवताना "हातात किती" असं विचारू नका, कारण त्याला एक उत्तरच नाही. तिकडे कर वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या एकूण कमाईवर कापत जातात, ३ टक्क्यांपासून ४५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे जानेवारीत पगार गुबगुबीत, आणि दिवाळीनंतर तोच पगार रोडावलेला. माझ्या एका सहकाऱ्याने ऑक्टोबरमध्ये अकाउंटंटशी कडाक्याचं भांडण काढलं होतं, बिचाऱ्याची काही चूक नव्हती. तुम्ही वर्षाच्या मध्येच लागणार, तेव्हा कॅलेंडर वर्षात १८३ दिवस भरतात की नाही यावर हिशोब बदलतो, तो आत्ताच मांडून मागा.

घरभाडं, मुलांची शाळा, भाषेचा क्लास हे परदेशी लोकांना करमुक्त भत्ते म्हणून घेता येतात, ही सवलत २०२७ अखेरपर्यंत आहे. पण त्यासाठी फापिआओ लागतो. फापिआओ म्हणजे सरकारी पावती, साधं बिल नव्हे. घरमालक तो द्यायला टाळाटाळ करतो, कारण दिला की त्याला कर भरावा लागतो. मग म्हणतो, फापिआओ हवा तर भाडं वाढेल. ही घासाघीस करारावर शिक्का पडण्याआधी करायची. नंतर केली की तुम्ही कायमचे हरलात.

सोशल इन्शुरन्स तुमच्याही पगारातून कापला जाईल, पेन्शनचे ८ टक्के धरून साधारण साडेदहा टक्के. भारताशी यातून सूट देणारा करार नाही. कायमचं परतताना पेन्शन खात्यातला स्वतःचा वाटा मागून मिळतो. कंपनीचा वाटा सोडायचा.

घरी पैसे पाठवायला: करार, पगारपत्रक आणि कर भरल्याचा दाखला घेऊन बँकेत जायचं, तेवढ्या रकमेचं परकीय चलन करून देतात. पहिल्या वेळी अर्धा दिवस जातो, नंतर तासाभराचं काम. "माझ्या ओळखीचा एकजण हवाल्याने इकडून तिकडे करतो" असं आपलेच लोक सांगतील. नको. त्यात खातं गोठतं.

सूतगिरणी (१६ जानेवारी)

ताई, ह्यो शेवटचा मुद्दा सोन्याच्या अक्षरात लिवा.

आमसुल (१६ जानेवारी)

थंडीबद्दल कुणीच बोललं नाही. बीजिंगला १५ नोव्हेंबरपासून सरकारी हीटिंग असतं. सुचौ-शांघाय दक्षिणेत धरतात, तिथे घरात मध्यवर्ती हीटिंग नाही. बाहेर तीन अंश आणि घरातही जवळपास तेवढेच. लोक घरात जाड कोट घालून बसतात. एसी उष्ण हवा देतो, पण पाय गारच. घर दक्षिणेकडे तोंड करून असलेलंच घ्या, चिनी लोक त्यासाठी जास्त भाडं देतात ते उगीच नाही.

मुलीची शाळा: आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे वर्षाला दोन-तीन लाख युआन सहज. कंपनी देणार नसेल तर कुटुंबाने यायचा विचार पुन्हा करा. बायकोला एस-१ (कुटुंबीयांचा व्हिसा) मिळेल, त्यावर नोकरी करता येत नाही. मी चार वर्षं हेच भोगलं. चिनी शिकले, बासरी शिकले, भांडणं केली.

फाऊंड्रीवाला (१७ जानेवारी)

शाळेचं कंपनीने "विचाराधीन" म्हटलंय. ऑफिसातलं वातावरण कसं असतं? ९९६ (सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याला सहा दिवस काम) वगैरे ऐकून आहे.

प्राणायाम_नाशिक (१७ जानेवारी)

ते टेक कंपन्यांचं. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते बेकायदा म्हटलं, तरी चालूच आहे. कारखान्यात तसं कमी. दुपारी बारा-साडेबाराला जेवण आणि मग दिवे बंद करून सगळे टेबलावर डोकं ठेवून झोपतात. त्या वेळात कुणाला फोन करू नका.

मोठ्या सुट्टीच्या बदल्यात आधी-नंतरच्या काही शनिवार-रविवारी कामाला यावं लागतं. तारखा सरकार जाहीर करतं, बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. मीटिंगमध्ये कुणी "होय" म्हणालं तर ते "ऐकलं" असं समजा. चूक सगळ्यांसमोर दाखवू नका, बाहेर चहाला नेऊन सांगा. क्वालिटीवाल्याला हे जड जाणार.

आणि ओळख काढायला दोन नावं आहेत. टॅक्सीवाल्यासाठी आमिर खान, त्याला तिकडे "मी शू" म्हणतात, शू म्हणजे काका. वयस्कर माणसासाठी ख दी ह्वा, म्हणजे आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस. १९३८ मध्ये गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. श-ज्या-च्वांगला शहीद स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. छंतूच्या सरकारी दवाखान्यात नंबर लावून, आधी पैसे भरून, तीन तास बसलो होतो. म्हाताऱ्या डॉक्टरने कुठला म्हणून विचारलं. त्याच राज्यातला म्हटल्यावर खुर्चीतून उठला. औषध तेच दिलं, पण जिन्यापर्यंत सोडायला आला.

ह्वांगफूकाठी (१७ जानेवारी)

छान. एक राहिलं. नोकरी सोडताना वर्क परमिट रद्द केल्याचा दाखला आणि नोकरी सोडल्याचं पत्र, दोन्ही घेतल्याशिवाय लॅपटॉप परत करू नका. ते नसेल तर पुढची कंपनी तुम्हाला घेऊच शकत नाही, आणि काही मालक हे हत्यार म्हणून वापरतात. व्हिसाचं काहीही अडलं तर १२३६७, इमिग्रेशनची हेल्पलाईन, २४ तास, इंग्रजीत बोलतात. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला पाचशे युआन दंड, जास्तीत जास्त दहा हजार. आणि तिकडे गाडी चालवायची हौस असेल तर आपलं इंटरनॅशनल लायसन्स चालत नाही, लेखी परीक्षा देऊन तिथलं काढावं लागतं.

फाऊंड्रीवाला (२६ एप्रिल)

मंडळी, पोहोचलो. आठवडा झाला. कोलकाता-क्वांगचौ विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं, त्याने आलो, पुढे ट्रेन. नवा पासपोर्ट, आडनाव वेगळं. तरी पायछूस्वोत पोलिसाने आडनाव दोनदा टाईप केलं होतं. ताईंनी सांगितलं म्हणून वाचलं, हसत हसत खोडून दिलं. फ्लॅट दक्षिणमुखी मिळाला, फापिआओसकट, महिन्याला दोनशे जास्त देऊन.

शाळेचं अजून विचाराधीन.

काल पहिल्यांदा कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला खालची आजी सोसायटीच्या रखवालदाराला घेऊन वर आली. वरण दाखवलं, वास घेऊन गेली. अडचण वेगळीच आहे: झाकणाची रबर रिंग चिरलीय आणि जादाची आणायला विसरलो. पाच लिटरची. पुण्याहून कुणी येतंय का?

आमसुल (२६ एप्रिल)

माझा दीर १२ मेला शांघायला येतोय. कुकर कुठल्या कंपनीचा आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.